चक्रवाक मोजता, तसं पाणीही मोजा

मा. केंद्रीय पर्यावरण, वन व हवामान बदल मंत्री महोदय,

स. न. वि. वि.

मी उजनीच्या काठच्या एका तालुक्यात वनस्पतिशास्त्र शिकवतो. पत्र मात्र लडाखबद्दल आहे, आणि त्याला कारण चक्रवाक. थंडीत भिगवणच्या पाण्यावर ही केशरी जोडपी दिसू लागली की आमचे नावाडी कॅमेरेवाल्यांना फिरवण्यात गुंततात. या पक्ष्याची वीण होते ती लडाखमधल्या त्सो मोरीरी, त्सो करसारख्या सरोवरांच्या परिसरात.

त्सो मोरीरी २००२ साली रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय यादीत आलं, त्सो कर २०२० साली. दोन्ही साडेचार हजार मीटरच्या आसपास. तिथले पक्षी मोजले जातात, त्यांचे फोटो छापून येतात. पण चक्रवाकाची पिल्लं पाण्यातल्या अळ्या आणि बारीकसारीक जीव खाऊन वाढतात, आणि त्या जिवांच्या पोटात जातं ते सूक्ष्म शैवाल, म्हणजे वनस्पतिप्लवक. ते कोण मोजतं?

या प्लवकांचं जगणं मोठं कठीण. कित्येक महिने वर बर्फाचं झाकण. ते वितळलं की प्रखर अतिनील किरण, थंडगार पाणी आणि पोषकद्रव्यांची टंचाई. त्यात सिलिकाच्या डबीत राहणारे डायटम तग धरतात; डबीला झाकणसुद्धा असतं, विद्यार्थ्यांना ते पाहून फार गंमत वाटते. त्सो करच्या पाणथळीत तर उत्तरेचं तळं अतिखारट आणि दक्षिणेचं स्टार्तसापुक गोडं. शेजारी शेजारी, पण प्लवकांच्या दृष्टीने दोन वेगळी गावं.

सांडपाणी मुरू लागलं की पहिला बदल याच वस्तीत होतो. उजनीत आम्ही तो रोज पाहतो. उन्हाळ्यात एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर निळ्या-हिरव्या शेवाळाच्या पुंजक्यांतून डायटम शोधून काढावा लागतो. आमच्याकडे निदान पावसाळ्यात धरणाची दारं उघडतात. त्सो मोरीरीतून पाणी बाहेर नेणारा प्रवाहच नाही. पाणी वाफ होऊन जातं, बाकी सगळं तिथेच राहतं.

२०१७ च्या पाणथळ नियमांनी गावं आणि वस्त्यांचं प्रक्रिया न केलेलं सांडपाणी पाणथळीत सोडायला मनाई केली आहे. त्सो मोरीरीच्या काठच्या कोरझोक गावाच्या आसपासचे पर्यटकांचे तंबू आणि शौचालयांचे खड्डे त्या नजरेने तपासून घ्यावेत. पण माझी खरी मागणी छोटी आहे. बर्फ वितळल्यापासून पुन्हा गोठेपर्यंत तीनदा, दरवर्षी त्याच जागांवरून, प्लवकांचे नमुने घ्या आणि आकडे सर्वांसाठी खुले ठेवा. लागतं काय? बारीक जाळी, बाटल्या, थोडं आयोडीन आणि नमुने घ्यायला शिकवलेली कोरझोकची दोन-चार मुलं.

नमुने ओळखायला माणसं नाहीत, असं उत्तर येणार असेल तर आधीच सांगतो: आमच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक आहेत आणि दिवाळीच्या सुट्टीत ते रिकामेच असतात. बाटल्या पाठवा.

आपला नम्र,
उजनीकाठचा एक शिक्षक