चित्तवृत्तीला वळण लावताना: मित्रास पत्र

अहिल्यानगर

प्रिय सुहास,
प्रभू येशूच्या नावाने सप्रेम सलाम.

तुझा प्रश्न सरळ आहे आणि तो विचारायला धीर लागतो. रोज पवित्र शास्त्र वाचतोस, रविवारची उपासना चुकवत नाहीस, तरी साहेबांनी चारचौघांत झापलं की मन जुन्याच वाटेनं धावतं. मग वाचलेलं जातं कुठे? यावर जे खात्रीनं सांगता येईल ते सविस्तर लिहितो. वही-पेन जवळ घेऊन बस.

आधी एक शब्द पाहू. प्रेषित पौलानं फिलिप्पै नगरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलेल्या फिलिप्पैकरांस पत्रात, २:५ मध्ये (अध्याय २, वचन ५), आपल्या मराठी शास्त्रात आहे: ‘अशी जी चित्तवृत्ती ख्रिस्त येशूच्या ठायी होती ती तुमच्या ठायीही असो.’ चित्तवृत्ती हा शब्द मराठी कानाला योगसूत्रांमुळे ओळखीचा. तिथे वृत्तींचा निरोध करायचा असतो. इथे पौल मनाला थांबायला सांगत नाही, वळण घ्यायला सांगतो. मूळ ग्रीक क्रियापद ‘फ्रोनेइन’ म्हणजे मनाचा कल, कशाला मोठं मानायचं आणि कशाला नाही याची बसलेली सवय. चार अध्यायांच्या या पत्रात ते दहाएक वेळा येतं. त्यातली एक जागा मला फार मोलाची वाटते. ४:२ मध्ये युवदीया आणि सुंतुखे या मंडळीतल्या दोघींचं पटेनासं झालंय आणि पौल त्यांना ‘एकचित्त व्हा’ म्हणून विनवतो, तिथेही हेच क्रियापद आहे. ख्रिस्तानं स्वतःला रिक्त केलं, दासाचं रूप धारण केलं, वधस्तंभावरचं मरण सोसलं, हे सगळं सांगणाऱ्या शब्दांचा धागा थेट दोन बायांच्या अबोल्यापर्यंत येऊन पोचतो. तेव्हा आपली चित्तवृत्ती तपासायची ती तिथेच: आधी कोण बोलणार, माघार कोण घेणार, पाहुणे गेल्यावर भांडी कोण घासणार.

आता वाचन. आपल्या शास्त्रात ६६ पुस्तकं, ११८९ अध्याय. आठवड्याचे सहा दिवस तीन-तीन आणि रविवारी पाच अध्याय वाचले की वर्षात शास्त्र पुरं होतं, म्हणून १ जानेवारीला पुष्कळजण या हिशेबानं सुरुवात करतात. उत्पत्तीचे ५० आणि निर्गमचे ४० अध्याय संपेपर्यंत जानेवारी सरत येतो, लेवीय लागतं, होमार्पणं आणि चरबीचे नियम येतात आणि वाचन अडतं. अडतं ते आळसापायी, असं मला वाटत नाही. ते नियम कशासाठी आहेत हे सांगणारं जवळ कुणी नसतं, आणि तीन अध्याय उरकायच्या घाईत थांबून विचारायला वेळही नसतो. वर्षाचा क्रम चांगलाच आहे, तो कधीतरी जरूर कर. पण मनाला वळण लावायचं असेल तर थोडं वाच आणि पुनःपुन्हा वाच.

एक महिना फक्त फिलिप्पै घे. सारी मिळून १०४ वचनं. पहिला आठवडा रोज अख्खं पत्र एका बैठकीत, मोठ्यानं वाच; पंधरा-वीस मिनिटं पुरतात. मोठ्यानं वाचण्याला कारण आहे. स्तोत्र १:२ मध्ये ‘मनन’ असं भाषांतर झालेला हिब्रू शब्द ‘हागा’ म्हणजे पुटपुटणं. यशया ३१:४ मध्ये शिकारीवर गुरगुरणाऱ्या सिंहाला हाच शब्द लावलाय. मनन ओठांनीही करायचं असतं. छापील पुस्तक घे, कारण मोबाइलवर वचनाच्या वरच कुणाचा तरी मेसेज टपकतो आणि मन तिकडे जातं.

दुसऱ्या आठवड्यात रोज एक अध्याय. ‘म्हणून’, ‘कारण’, ‘तर’ हे शब्द पेन्सिलनं अधोरेखित कर आणि वहीत दोनच गोष्टी लिही: देवानं काय केलंय, आणि त्यामुळे मला काय करायचंय. हा क्रम उलटला की शास्त्राची नियमावली होते आणि आठ दिवसांत जीव थकतो.

तिसऱ्या आठवड्यात २:३ ते ८ ही सहा वचनं पाठ कर, रोज एक. तुकड्यातुकड्यानं म्हण, आणि वचनाचा क्रमांक आधीही म्हण आणि नंतरही, कारण विसर पडतो तो प्रथम क्रमांकाचा. पाठ झालेलं वचन दुसऱ्या, चौथ्या, सातव्या आणि पंधराव्या दिवशी न बघता म्हणून पाहा. भाषांतर एकच धर. आज जुनं, उद्या सोपं, परवा इंग्रजी असं केलंस तर ओळी एकमेकींत गुंततात. समजायला मात्र दुसरं भाषांतर खुशाल उघड. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सोप्या मराठीत शास्त्र आणायला आयुष्याची शेवटची वर्षं वेचली ती साध्या बायाबापड्यांना कळावं म्हणून; अर्थासाठी सोपी भाषा शोधण्यात कमीपणा नाही. आणि जे म्हणून टिकत नाही ते गाऊन टिकतं. नारायण वामन टिळकांची भजनं आपल्या आज्यांना वाचता येत नसतानाही तोंडपाठ असायची.

चौथ्या आठवड्यात नवं काही वाचू नकोस. अनुवाद या पुस्तकात, ६:७ मध्ये, वचनाबद्दल बोलायच्या चार वेळा सांगितल्या आहेत: घरी बसलेले असताना, मार्गाने चालताना, निजताना, उठताना. उठल्यावर मोबाइल हातात घेण्याआधी एक वचन. बसमध्ये किंवा गाडीवर तेच पुन्हा. जेवताना घरच्यांशी त्यावर दोन वाक्यं, प्रवचन नको. निजताना वहीत तीन ओळी: आज मन कशानं ढवळलं, पहिला विचार काय आला, आणि वचन काय म्हणत होतं. स्वतःला गुण देत बसू नकोस. महिन्याच्या शेवटी पानं उलटशील तेव्हा तीच ती दोन-तीन दुखणी पुनःपुन्हा दिसतील. पुढच्या महिन्याचं वाचन त्यावरून ठरव. जीभ आवरत नसेल तर याकोब घे, पाच अध्याय, १०८ वचनं. पैशाची ओढ असेल तर लूक.

पण सुहास, खरी जागा वहीत नसते. भाजीवालीसमोर उभा राहा. कोथिंबिरीची जुडी ताजी आहे, हे तुला दिसतंय. तरी हातात घेऊन ‘काय ही, पिवळी पडलीय’ म्हणतोस, पाच रुपये कमी करवतोस आणि घरी येऊन ‘बघ किती स्वस्तात आणली’ म्हणून सांगतोस. नीतिसूत्रे २०:१४ काढ. घेणारा ‘वाईट, वाईट’ म्हणतो आणि वाटेला लागला की फुशारकी मारतो, असं तिथे जवळजवळ जसंच्या तसं लिहिलंय. भाव करायला शास्त्राची मनाई नाही. चांगल्याला वाईट म्हणणं हे मात्र खोटंच आहे, आणि ते इतकं अंगवळणी पडलंय की आपल्याला ते खोटं वाटतही नाही. ‘पंधराला देता का?’ एवढं विचार, माल चांगला आहे हेही म्हण, आणि ती नाही म्हणाली तर वीस दे.

तसंच घरकामाच्या मावशींच्या पगाराचं. लेवीय १९:१३ सांगतं की मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवायची नाही. अनुवाद २४:१५ सूर्य मावळायच्या आत द्यायला सांगतं, कारण त्याचा जीव तिच्याकडे लागलेला असतो. (लोक ज्या लेवीयपाशी अडतात, त्यातच हे आहे.) म्हणून १ तारखेला आपला पगार जमा झाला की मावशींचा त्याच दिवशी द्यायचा, ‘सुट्टे नाहीत, उद्या देतो’ म्हणायचं नाही. आणि फोनवरचं ‘निघालोच, पाच मिनिटांत पोचतो’! पाय अजून चपलेत नसतात. मत्तय ५:३७ मधलं ‘होय तर होय, नाही तर नाही’ इथे लागू होतं: ‘अजून घरीच आहे, अर्धा तास लागेल.’ फॉरवर्ड करण्याआधी निर्गम २३:१, खोटी अफवा पसरवू नको. खात्री नसेल तर पुढे पाठवूच नको.

एक विषय आपण मंडळीत टाळतो, तो इथे लिहितो. लग्न जुळवताना ‘मूळचे कोण?’ असं हळूच विचारलं जातं. सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि गरिबाला पायाशी बस म्हणणाऱ्या मंडळीला याकोब २:१ ते ४ मध्ये जो सवाल केलाय तोच आपल्यालाही आहे. गलती ३:२८ (ख्रिस्तात सगळे एकच, भेद नाही) पाठ असूनही बायोडाटा चाळताना मन कुठे अडखळतं ते प्रामाणिकपणे बघ. वर्षानुवर्षं वचनं पाठ करूनही हा कोपरा तसाच राहू शकतो, कारण तिथे आपण कधी वचन नेलेलंच नसतं.

चुका कुठे होतात तेही सांगतो. वर्षअखेरच्या रात्रीच्या उपासनेत वचनाचं कार्ड मिळतं, आणि यिर्मया २९:११ (तुमच्या हिताचे संकल्प मी करतो, असं देव सांगतो ते) निघालं की ‘माझी नोकरी पक्की’ असा अर्थ लावला जातो. ते पत्र बाबेलात नेलेल्या बंदिवानांना आहे. त्याच्या आदल्याच वचनात सत्तर वर्षं सांगितली आहेत, म्हणजे ऐकणाऱ्यांतले बहुतेक परत जाणारच नव्हते. ५ ते ७ मध्ये घरं बांधा, मळे लावा, त्या परक्या नगराचं हित पाहा असं आहे. फिलिप्पै ४:१३ ची तीच गत. ‘सर्वकाही करण्यास शक्तिमान’ हे परीक्षेच्या पॅडवर चिकटवलं जातं, आणि ११-१२ मध्ये पौल तृप्त असणं आणि भुकेलं असणं दोन्ही शिकल्याचं सांगतो ते वाचलंच जात नाही. म्हणून कोणतंही वचन घेताना वरची दहा आणि खालची दहा वचनं वाचायची.

दुसरी चूक म्हणजे फिलिप्पै ४:६ चा अर्थ काळजी करणाऱ्याला गप्प बसवण्यासाठी लावणं. ‘चिंताक्रांत होऊ नका’ इथलं ग्रीक क्रियापदच २:२० मध्ये तीमथ्याच्या स्तुतीत येतं, कारण तो इतरांची मनापासून काळजी वाहतो. आणि ४:८ च्या यादीत पहिलं आहे ‘सत्य’. तेव्हा दुःख लपवून हसत राहणं म्हणजे ख्रिस्ती मन, असं मुळीच नाही. स्तोत्र ८८ अंधारातच संपतं, तेही शास्त्रच आहे. रात्र-रात्र झोप लागत नसेल, छाती धडधडत असेल आणि दोन आठवडे उतार नसेल, तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरकडे जा. वहिनींना किंवा मुलांना वचन फेकून मारू नकोस. वही तुझी आहे. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट वाचू नकोस, त्या दिवसाचंच वाच. आणि एकटा राहू नकोस, कारण एकट्यानं वाचताना आपलंच मत देवाचं वाटायला लागतं. मंडळीतले दोघे-तिघे आठवड्यातून एकदा पाऊण तास भेटा, वहीतली एक ओळ एकमेकांना वाचून दाखवा.

येत्या सोमवारी पहिली बैठक धर, सकाळी, चहाच्या आधी. चारही अध्याय झाल्यावर ज्या वचनापाशी अडखळलास त्याचा क्रमांक मला पाठव. अर्थ नको, नुसता क्रमांक. रविवारी संध्याकाळी फोन करतो, तेव्हा त्यावर बोलू.

वहिनींना आणि आईंना सलाम, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
प्रभूमध्ये मित्र