बाबा, तो उरलेला पाइप राहू द्या

प्रिय आई-बाबा,

बाबा, तुमचा पाइपचा फोटो मिळाला, मापंही वाचली आणि खरं सांगायचं तर आयडिया मस्तच आहे, बेकन गुंडाळून स्मोकरमध्ये (धुरावर शिजवायच्या भट्टीत) ठेवायचा तो सॉसेजचा भरलेला रोल हाताने वळत बसण्यापेक्षा नळीत खिमा भरायचा, मधे पोकळी पाडायची, सारण घालायचं, तोंड बंद करायचं आणि दट्ट्याने ढकलून आख्खा रोल बाहेर काढायचा. सोऱ्यासारखंच झालं की. पण तो पाइप नको. म्हणजे साधन कराच, फक्त त्या पाइपाचं नको, आणि का ते जरा सविस्तर लिहिते कारण फोनवर तुम्ही "बरं बरं" म्हणता आणि मग मनाचंच करता हे आईला आणि मला दोघींनाही माहितीये.

तो पांढरा पीव्हीसीचा तुकडा सांडपाण्याच्या लाइनचा आहे. पिण्याच्या पाण्याच्या पाइपाला निदान काहीतरी चाचणी असते, सांडपाण्याच्या पाइपात काय मिसळलंय हे बघायचं कुणाला कारणच नसतं, आणि जुन्या पीव्हीसी पाइपांमध्ये शिसं असलेले स्टॅबिलायझर (प्लॅस्टिक उष्णतेने बिघडू नये म्हणून घालायचे पदार्थ) सर्रास घालायचे. तुमचा तुकडा किती वर्षं माळ्यावर पडलाय देव जाणे. शिवाय पीव्हीसी ७५-८० अंशाच्या आसपास मऊ पडायला लागतं, त्यामुळे कच्चं मांस भरलेली नळी उकळत्या पाण्याने धुवायची म्हटली तर ती वाकडी होणार आणि मग तुमचा तासून बसवलेला दट्ट्या आत जाणारच नाही. पाइप जोडायचं सोल्युशन तर मांसाच्या जवळपासही नको.

त्याऐवजी स्टेनलेस स्टीलची सरळ नळी घ्या, ३०४ ग्रेडची (स्वयंपाकाच्या भांड्यांना वापरतात ते स्टील), आतून गुळगुळीत, वेल्डिंगची शिवण हाताला लागत नाही अशी. गॅल्व्हनाइज्ड नको, आंबट मसाला लागला की जस्त सुटतं. तांबंही नको, तेच कारण. स्टीलचा अजून एक फायदा म्हणजे अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवली की नळी थंडगार होते आणि खिम्यातली चरबी नळीला आतून माखत नाही, रोल सुटसुटीत बाहेर येतो. कापल्यावर दोन्ही कडा कानस आणि मग पॉलिश पेपरने नीट घासा, आईचा हात आत जाणारे.

आता माप. तुम्ही १०० मिमीची नळी म्हणताय, मी म्हणते ७५. रोल किती वेळात शिजणार हे त्याच्या जाडीवर ठरतं, लांबीवर जवळजवळ नाहीच, कारण उष्णता बाहेरून मधोमध पोचायची असते, आणि जाडी दुप्पट केली तर वेळ दुपटीपेक्षा खूपच वाढतो. मग बाहेरचं बेकन काळं आणि आतलं अजून कोमट, आणि कोमट खिमा ४ ते ६० अंशाच्या मधे रेंगाळणं हीच धोक्याची गोष्ट. म्हणून आतला व्यास ७५, आणि पोकळी पाडायचा दांडा ५० मिमीचा, म्हणजे सगळीकडून खिम्याची साडेबारा मिलीमीटरची भिंत मिळते. २० सेंटीमीटरच्या पोकळीला भिंतीत साधारण ४९० मिली खिमा बसतो, वर-खाली झाकणासारखे थर धरले तर एकूण सहाशे-सव्वासहाशे ग्रॅम, आणि आत जवळजवळ ३९० मिली सारण. नळी मात्र २८ सेंटीमीटरची तरी ठेवा, कारण दांडा खाली दाबला की खिमा वर चढतो, त्याला जागा हवी.

दांड्याबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा नाहीतर पहिल्याच रोलला वैतागाल. भरीव दांडा खिम्यात खुपसला की तो आत जातो छान, पण बाहेर ओढताना खाली हवा जायला वाटच नसते, खाली निर्वात पोकळी तयार होते आणि दांड्याबरोबर सगळी भिंत आत ओढली जाते. म्हणून दांडा पोकळ ठेवा, वरचं तोंड उघडं, खालचं बंद, आणि त्या बंद टोकाला मधोमध ३-४ मिमीचं भोक. तेलाचा हात लावायचा आणि सरळ ओढायचं नाही, थोडं थोडं पिळत काढायचं. भोकात खिमा अडकतो, तो काडीने काढायचा, दुसरा उपाय नाही. दांडा मधोमध राहावा म्हणून वर एक रिंग बसवा, बाहेरून ७४ची आणि आतून ५१ची, नाहीतर एका बाजूची भिंत जाड आणि दुसरीकडची पातळ होते आणि पातळ बाजूने चीज हमखास फुटून बाहेर येतं.

ही रिंग आणि दट्ट्याची ढकलायची चकती नवीन प्लॅस्टिकच्या चॉपिंग बोर्डातून कापा. ते बहुतेक एचडीपीई (खाण्याच्या वस्तूंना चालणारं एक टणक प्लॅस्टिक) असतं, मागे त्रिकोणात २ आकडा असेल तर नक्कीच. जुना बोर्ड नको, सुरीच्या चरांत जंतू बसतात. लाकडाची मूठ चालेल पण ती मांसाला लागता कामा नये. आणि ती सिलिकॉन भरायची गन वापरायचा विचार सोडून द्या, नवी कोरी असली तरी, तिच्या आत हात जात नाही, ब्रश जात नाही, मग धुणार कशी?

मूठ मात्र आईच्या हाताच्या हिशोबाने करा. बाबा, तुमच्या पकडीचा प्रश्न नाहीये, तिची बोटं सकाळी किती आखडतात ते तुम्ही रोज बघता. आडवी मूठ, इंग्रजी टी सारखी, साडेतीन सेंटीमीटर जाड, म्हणजे बोटं आवळायला लागत नाहीत, दोन्ही तळवे टेकवून उभं राहून अंगाच्या वजनाने दाबता येतं. आणि जमलं तर नळी उभी चिरून दोन पन्हळी करा आणि बाहेरून दोन क्लॅम्प लावा. मग ढकलायचीच गरज नाही, क्लॅम्प सोडले की रोल ताटात. करवतीत मिलीमीटरभर जाईल आणि नळी पूर्ण गोल राहणार नाही, राहू दे, खाणाऱ्याला काय कळतंय. मला तर हेच जास्त आवडतं कारण धुताना सगळं उघडं दिसतं. फक्त चिरलेल्या कडाही घासायच्या, आणि मग ७४ची रिंग अडकली तर थोडी तासून घ्यायची.

आई, तुझ्या कामाचं आता. खिमा फ्रीजमधून काढला की लगेच भरायचा, ४ अंशाच्या खालीच हवा, मधे फोन आला तर घेऊ नकोस. साधा खिमा असेल तर पाचशे ग्रॅमला आठ-नऊ ग्रॅम मीठ घालून तो हाताला चिकटेपर्यंत मळ, त्या मिठानेच मांसातलं प्रोटीन सुटतं आणि भिंत एकजीव राहते. तयार सॉसेजचा असेल तर त्यात मीठ असतंच, परत घालू नकोस. कांदा, ढोबळी मिरची, मशरूम आधी परतून पाणी आटवून पूर्ण गार करून घे. ओलं सारण भरलं की आत वाफ धरते आणि रोल तडकतो, गरम भरलं तर चरबी वितळून थर सुटतात. चीज किसण्यापेक्षा तुकडे बरे.

ज्या दिवशी बोटं अगदीच दुखतील त्या दिवशी नळी बाहेर काढूच नकोस. झिपची पिशवी घे, खिमा आत, दोन बाजूंना ८ मिमी जाडीच्या दोन पट्ट्या आणि वरून लाटणं, पट्ट्यांवर लाटणं टेकलं की सगळीकडे एकसारखी जाडी येते, मग पिशवी कडेने कापून सारण पसरायचं आणि पिशवीनेच गुंडाळायचं. सारण कमी बसतं, पण जोर लागत नाही. या पट्ट्या बाबांना दहा मिनिटांत करता येतील, त्या आधी करा बाबा, नळी नंतर.

बेकनची जाळी विणणं तुम्हाला येतंच. रोल गुंडाळून तासभर फ्रीजमध्ये, मग स्मोकर ११०-१२० अंशावर, अडीच-तीन तास धरा पण घड्याळावर जाऊ नका. थर्मामीटर भिंतीतही टोचा आणि सारणातही, दोन्हीकडे ७१ लागलं पाहिजे, कोंबडीचा खिमा असेल तर ७४. बेकन कुरकुरीत हवं असेल तर शेवटी आच वाढवा.

धुताना सगळं सुटं करून आधी साबण, मग स्टीलवर उकळतं पाणी. प्लॅस्टिकच्या चकत्यांना चार लिटर पाण्यात १५ मिली बिनवासाचं ब्लीच, पुसायचं नाही, तसंच वाळू द्यायचं.

आणि बाबा, नळी कापायच्या आधी स्मोकरची जाळी आतून मोजा, दाराच्या पट्टीपासून मागच्या भिंतीपर्यंत, आणि मला कळवा. दोन रोल एकामागे एक ठेवायचे तर मधे धूर फिरायला चार-पाच सेंटीमीटर मोकळे लागतात. तेवढं नसेल तर पोकळी १६ सेंटीमीटरची करू.

तुमची,
धाकटी