मोरजीच्या टेंबाला भिंत घालण्याआधी

मा. पर्यावरणमंत्री,
गोवा राज्य

सप्रेम नमस्कार.

शापोरा नदी समुद्राला मिळते तिथे मोरजीच्या बाजूने वाळूची एक जीभ मुखात शिरली आहे. तोच आमचा टेंब. पावसाळ्यात लाटा इथली वाळू ओढून नेतात आणि दिवाळीनंतर हळूहळू परत आणून टाकतात. तिळारीच्या खोऱ्यातून नदी गाळ आणते, तोही याच हिशेबात धरायचा. त्यामुळे मुखाची वाट कधी एका जागी राहत नाही.

पलीकडचा शापोऱ्याचा किल्ला याच मुखावर नजर ठेवून आहे. नदीच्या दक्षिणेचे बार्देश पोर्तुगिजांकडे गेले १५४३ मध्ये, उत्तरेचे पेडणे सावंतवाडीकरांकडून त्यांच्या हाती पडले ते थेट १७८८ मध्ये. मधल्या धुमश्चक्री सोडल्या, तर एवढा काळ ही नदीच सरहद्द होती.

आता टेंबवाड्यापाशी किनारा खचला की मागणी होते, दगड टाका, भिंत बांधा. ज्याचे घर लाटेच्या तोंडी आहे त्याने दुसरे काय मागावे? पण भिंतीवर आपटलेली लाट पायथ्याची वाळू खरवडून माघारी जाते आणि भिंत संपते तिथून शेजाऱ्याची जमीन खाऊ लागते. वाळू खरी धरून ठेवतात मर्यादवेल आणि रावणाच्या मिशा, म्हणजे वाळूत पसरणारी वेल आणि काटेरी गवत. हॉटेलच्या खोलीतून समुद्र दिसावा म्हणून वाळूची टेकाडे सपाट करताना आधी त्याच उपटल्या जातात.

२०११ च्या सीआरझेड (किनारी बांधकामांवर निर्बंध घालणाऱ्या) अधिसूचनेत गोव्यासाठी वेगळी कलमे आहेत. वाळूच्या टेकड्यांवर कसलेही काम नको, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग हे कासवांच्या विणीचे किनारे म्हणून नावानिशी नोंदले आहेत. कागद उत्तम आहे! ऑलिव्ह रिडले कासवाची मादी भरतीरेषेच्या वर खड्डा करून शंभरेक अंडी घालते. दीडेक महिन्याने, कधी दोन महिन्यांनी, रात्री पिल्ले निघतात आणि उजेडाकडे धावतात. तो उजेड समुद्राचा की हॉटेलच्या फोकसचा, हे त्यांना कळत नाही.

मागणी एवढीच. टेंबाची मोजणी पावसाळ्यापूर्वी आणि नंतर, अशी दोन्ही वेळा करा. भिंतीची निविदा त्यानंतर. नदीतून किती रेती उपसली जाते तेही त्यात मांडा आणि मोजणीला रापणकारांना, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्या मच्छीमारांना, बरोबर घ्या, मुख कुठून कुठे सरकले ते त्यांना तोंडपाठ आहे. नकाशे घेऊन आपले अधिकारी पुढच्या ग्रामसभेला आले, तर प्रश्न आम्ही तयार ठेवू.

आपला,
मोरजीचा एक रहिवासी