साहेब, मॉर्फिन जतपर्यंत का पोचत नाही?

मा. आरोग्यमंत्री साहेब, नमस्कार.

कॅन्सर पेशंटची दुखण्याची औषधं आता इथल्या इथे मिळतील असं आमच्या तालुक्यातल्या बैठकीत एका साहेबांनी माईकवर सांगितलं होतं. मागच्या आठवड्यात आण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, मॉर्फिनची चिठ्ठी घेऊन गेलो तर औषधाच्या काउंटरवरच्याने चिठ्ठी वाचली, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मोठ्याने म्हणाला, ही नशेची गोळी आहे, आम्ही ठेवत नाही. मागे लाइनीत गावातलीच माणसं उभी होती.

आण्णांना तोंडाचा कॅन्सर, जबड्याच्या हाडात गेलाय. ट्रामाडॉल ही मॉर्फिनपेक्षा हलकी दुखण्याची गोळी, ती दिवसाला 400 मिलिग्रॅमच्या पुढे देता येत नाही आणि तेवढ्याने काहीच होत नव्हतं. उशीला गाल टेकवता येईना म्हणून भिंतीला पाठ लावून रात्र काढायचे, आई समोर बसून. शेवटी भावाने पुण्याहून मॉर्फिन आणलं, 10 मिलिग्रॅम, दर चार तासांनी, दुखायची वाट न बघता, सोबत पोट साफ व्हायचं औषध कारण मॉर्फिनने पोट हमखास धरतं. दुसऱ्या दिवशी आण्णा आडवे होऊन झोपले, उठल्यावर विचारलं, डाळिंबाला पाणी सोडलं का.

धोका आम्हालाही कळतो. डोस चुकला तर श्वास मंदावतो, माणूस जातो, सवय लागते. अमेरिकेत कंपन्यांनी ऑक्सिकोडोन हे मॉर्फिनसारखंच औषध वाट्टेल तसं खपवलं आणि लाखो माणसं मेली. पण त्यावर उपाय म्हणजे शिकलेला डॉक्टर, नोंदवही आणि मोजून दिलेल्या गोळ्या, कपाट रिकामं ठेवणं नाही! नशा करणाऱ्याला खोकल्याचं कोडीनवालं सिरप कुठूनही मिळतं, अडतो तो चिठ्ठीवाला पेशंट.

मॉर्फिन बनतं अफूपासून. अफू पिकते मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात, सरकारच्याच लायसनवर. कारखाने नीमच आणि गाझीपूरला, तेही सरकारचेच. 1985 चा एनडीपीएस, म्हणजे नशेच्या पदार्थांवरचा कायदा 2014 मध्ये बदलून मॉर्फिनसकट औषधं मिळणं सोपं करायचं ठरलं, पुढे हॉस्पिटलला ती ठेवायची मान्यता द्यायचा अधिकार राज्याच्याच औषध नियंत्रकाकडे आला. मग अडलंय कुठे? गरजेच्या 4 टक्केच मॉर्फिन भारतातल्या पेशंटला मिळतं असं लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकाच्या 2017 च्या अहवालात आहे, त्या 4 टक्क्यांत जत-आटपाडीचे किती असतील? आमचं पाणी टँकरने, डॉक्टर सांगलीला, औषध पुण्याला, आणि मत तेवढं गावात येऊन मागता.

प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाला ती मान्यता द्या, एका डॉक्टरला आणि एका सिस्टरला ट्रेनिंग द्या, आणि तारीख लेखी कळवा. आण्णांच्या गोळ्या शुक्रवारपर्यंतच पुरतील.

आपला,
जत तालुक्यातला एक मुलगा