लिखाण झाकणार नाही

चि. ऋता,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, वह्यांमधल्या फक्त चित्रांचे फोटो पाठवा, बाजूचं लिखाण झाका. पुस्तक छापायचंय, स्वच्छ दिसलं पाहिजे." मी हो म्हणालो खरा. पण रात्री कोऱ्या कागदाचा तुकडा घेऊन एकेक पान झाकून बघितलं आणि मन तयार होईना. म्हणून तिन्ही वह्याच आज कुरिअरने पाठवल्या आहेत.

हंपीची वही आधी उघड. विरूपाक्ष मंदिरात मागच्या अंधाऱ्या जागेत भिंतीवर गोपुराची उलटी सावली पडते, ते पान. झरोक्यातून उजेडाची बारीक तिरीप येते आणि एवढं मोठं गोपुर खाली डोकं वर पाय होऊन भिंतीवर उभं राहतं. सावलीचा रंग मला जमला नाही, काळपट झालाय. पण शेजारी तुझ्या तिसरीतल्या अक्षरात आहे, "गोपुर पडनार नाही ना?" हा 'न' झाकून ते चित्र मी कुणाला दाखवू? पुढे २०१७ मध्ये पन्नासच्या नव्या नोटेवर हंपीच्याच विठ्ठल मंदिरातला दगडी रथ आला, तेव्हा तू नोट घेऊन धावत आलीस आणि आपण दोघांनी नोट नि वहीतलं रथाचं पान शेजारी ठेवून चाकं ताडून पाहिली होती. तीही नोंद त्या पानावर खाली आहे, नंतर वेगळ्या शाईने केलेली.

तुंगभद्रेच्या पानावर जो फिकट गोल डाग आहे, तो खराब कागद नव्हे. टोपलीसारख्या गोल नावेत नावाड्याने गंमत म्हणून गिरकी दिली तेव्हा उडालेलं पाणी आहे ते. छापताना तो पुसू नकोस.

ऋता, मी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये बत्तीस वर्षं ड्राफ्ट्समन होतो. तिथल्या शीटवर माप, टॉलरन्स, तारीख आणि सही, याखेरीज एक फालतू अक्षर चालत नसे, आणि ते बरोबरच होतं. त्या शीटवरून यंत्राचा भाग बनायचा. घरच्या वहीतून काय बनवायचं होतं मला? संध्याकाळी मासुंदा तलावाच्या कट्ट्यावर बसून कोपिनेश्वराचा कळस काढायचा, आणि बाजूला लिहायचं की आज मटार महाग, आईचा गुडघा बरा, तुझा गणिताचा पेपर सोपा गेला. हे दोन्ही एकाच पेन्सिलीने, एकाच बैठकीत झालंय. मला ते वेगळं करता येत नाही.

तिसऱ्या वहीत ऐरोलीच्या खाडीचं पान आहे, ते तू पाहिलेलं नाहीस. फेब्रुवारीत आई आणि मी बोटीने फ्लेमिंगो बघायला गेलो होतो. खाडीचा चिखल नुसत्या काळ्याने मेलेला दिसतो, म्हणून अल्ट्रामरीन निळ्यात तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना मिसळून करडा केला. त्यात जरा ऊब राहते. पक्षी लांबून पांढरेच दिसतात, तिथे मी कागद कोराच सोडलाय. थवा उडाला आणि पंखांतला लाल एकदम उघडला, तो मात्र एकाच दमात, ओल्यावर ओला टाकला. बाजूला आईचं अक्षर आहे. "हे बघायला ऋता हवी होती. थालीपीठं चार उरली." माझ्या सगळ्या चित्रांत मला हे पान जास्त आवडतं, आणि त्या दोन ओळींशिवाय ते अर्धं आहे.

आता तुझ्याबद्दल. तू तिकडून चित्रं पाठवतेस, सुंदर असतात. तुझा हात माझ्यापेक्षा मोकळा आहे, हे मी मनापासून सांगतो. पण मागे कुठे, कधी, काहीच नसतं. मागच्या महिन्यातली ती खिडकी बघून आई दोन दिवस विचारत होती, ही हिच्या खोलीची की हापिसातली, आणि बाहेर पाऊस आहे की धूर. दोन शब्द लिहीत जा. बिघडलेली पानंही पाठव.

पुस्तक जरूर कर. पानं आहेत तशी छाप, अक्षर लागलं नाही तर फोन कर, मी वाचून दाखवीन.

आणि तिसरी वही जपून उघड. इथे आठवडाभर पाऊस आहे, शेवटचं येऊरचं पान पंख्याखाली ठेवूनही नीट वाळलेलं नाही. मध्ये बटर पेपर घातलाय, तो ओढू नकोस, हळूच सोडव.

तुझा,
बाबा