दर कोण ठरवतंय, ते आधी बघ

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

नव्या नोकरीत तुला दर काही महिन्यांनी देश बदलावा लागणार, हे कळल्यापासून तुझे बाबा नकाशे उघडून बसलेत आणि माझ्या डोक्यात पैशांचं चाललंय. बँकेत परकीय चलनाच्या काउंटरवर माझी बरीच वर्षं गेली. तिथे रोज दिसायचं ते असं, की माणसं परदेशात वस्तू घेताना चार दुकानं फिरतात, किंमत तपासतात, पण पैसा एका चलनातून दुसऱ्यात जातो तेव्हा डोळे मिटून सही करतात. गळती तिथेच होते. फोनवर सांगायला गेले तर अर्धं राहून जाईल, म्हणून लिहून पाठवतेय.

सगळ्यात आधी एटीएमचा पडदा. तू कार्ड घालशील, रक्कम टाकशील, आणि मग यंत्र मोठ्या प्रेमाने विचारेल की ही रक्कम तुमच्या स्वतःच्या चलनात वळवून घेऊ का? खाली दर लिहिलेला असेल, कदाचित ‘हमखास दर’ असंही. ‘स्वीकारा’चं बटण ठळक असेल आणि ‘रूपांतर नको’चं बाजूला, फिकट. तू फिकट बटण दाब. पैसे मिळणार नाहीत अशी भीती वाटते, काही यंत्रं तर ‘नक्की ना?’ म्हणून पुन्हा विचारतात. पण नकार फक्त त्या दराला असतो. पैसे येतातच, फक्त स्थानिक चलनात नोंदले जातात आणि दर तुझ्या कार्डाचं जाळं, म्हणजे व्हिसा किंवा मास्टरकार्डसारखी कंपनी, लावतं. ‘स्वीकारा’ दाबलंस तर दर त्या यंत्राचा मालक लावतो, आणि तो स्वतःचा फायदा त्यात घालूनच लावतो. दुकानातल्या आणि हॉटेलातल्या कार्ड मशीनवरही हेच. कित्येकदा तिथला माणूस तुला न विचारताच बटण दाबून मोकळा होतो. सही करण्याआधी किंवा पिन टाकण्याआधी पडद्यावर कुठलं चलन आहे ते बघ. आपलं दिसलं तर शांतपणे सांग, ‘रद्द करा, स्थानिक चलनात घ्या.’ संकोच करू नकोस. हा तुझा हक्क आहे. युरोपीय संघाने तर 2019 मध्ये नियम केला, की असं रूपांतर करताना त्यावरचा जादा आकार ग्राहकाला आधी दाखवलाच पाहिजे.

हा दर नीट ओळखता यावा म्हणून एक सवय लाव. बाजारात कुठल्याही दोन चलनांचा खरेदीचा आणि विक्रीचा असे दोन भाव असतात, आणि त्यांच्या मधोमध एक दर असतो. फोनवर शोधलंस की दिसतो तो बहुधा हाच मधला दर. तो सहसा कुणी आपल्याला देत नाही, पण मोजपट्टी म्हणून तो डोक्यात असू दे. विमानतळावरच्या काउंटरवर ‘कमिशन नाही’ अशी पाटी असते, आणि ती खोटी नसते. कमिशन खरंच नसतं, ते दरातच मुरलेलं असतं. आमच्या काउंटरसमोरच्या फलकावर खरेदी आणि विक्री हे दोन रकाने शेजारी शेजारी असायचे, पण त्यांतलं अंतर मोजणारा ग्राहक क्वचितच भेटला. तू मोज. पोचल्यावर गाडीभाडं आणि पहिल्या दिवसाचा खर्च निघेल एवढेच तिथे बदल.

कार्डाने पैसे काढताना तीन जणांचा हात लागतो. आपली बँक परकीय चलनाचा अधिभार घेते, शिवाय प्रत्येक वेळी काढण्याचं ठरावीक शुल्क घेते, आणि तिथलं यंत्र स्वतःचं वेगळं शुल्क लावू शकतं. ठरावीक शुल्क असेल तर थोडे थोडे पैसे काढत राहणं महाग पडतं. समज, प्रत्येक वेळी पाच लागतात आणि तुला दोनशे हवेत. चाळीस-चाळीस करून काढलेस तर पंचवीस गेले, एकदम काढलेस तर पाच. यंत्र बँकेच्या शाखेचं निवड, आणि शक्यतो शाखा उघडी असताना जा. कार्ड आत अडकलं तर दार उघडून माणसाशी बोलता येतं. पर्यटकांच्या रस्त्यावर भिंतीत बसवलेली एकटी यंत्रं बहुतेक वेळा जास्त शुल्क घेतात. आणि क्रेडिट कार्डाने रोकड काढू नकोस, जिवावर बेतल्याशिवाय नाहीच. त्यावर व्याज त्याच दिवसापासून चालू होतं, खरेदीसारखी बिनव्याजी मुदत मिळत नाही.

दोन कार्डं ठेव, वेगवेगळ्या जाळ्यांची, आणि दोन्ही एकाच पाकिटात कधीही नको. एक अंगावर, एक खोलीवर. कार्ड हरवल्यावर ज्या नंबरवर कळवायचं, तो कार्डाच्या मागेच छापलेला असतो, म्हणजे कार्ड गेलं की नंबरही गेला. तो वहीत लिहून ठेव. तुझा इथला मोबाइल नंबर रोमिंगवर चालू ठेव, कारण ओटीपी तिथेच येतो. नवीन सिम घेतलं, जुनं काढून ठेवलं, आणि स्वतःच्याच पैशांना हात लावता येईना, अशी माणसं मी खूप पाहिली.

हॉटेलात किंवा भाड्याच्या गाडीसाठी शक्य असेल तर क्रेडिट कार्ड दे. ते अनामत म्हणून काही रक्कम रोखून ठेवतात, आणि डेबिट कार्ड असेल तर ती थेट तुझ्या खात्यातली रोखली जाते. गाडी परत केल्यावरही ती मोकळी व्हायला कित्येक दिवस लागू शकतात. पगाराच्या आधीच्या आठवड्यात ते अवघड जातं.

देश बदलला की पैशाची रीत बदलते. स्टॉकहोमच्या बसमध्ये रोख नोटा चालत नाहीत. जर्मनीत अजूनही कितीतरी ठिकाणी रोकडच मागतात. जपानमध्ये टपाल कार्यालयांतली एटीएम यंत्रं परदेशी कार्डं घेतात, हे लक्षात ठेव. आकडे लिहिण्याची पद्धतही निराळी. जर्मनीत 1.500 लिहिलेलं दिसलं तर ते दीड नव्हे, दीड हजार. कुवेतच्या एका दिनारचे हजार फिल्स होतात, शंभर नाही.

कुणी प्रेमाने ‘माझ्याकडे जुन्या नोटा उरल्यात, घेऊन जा’ म्हणालं, तर आधी बघून घे. इंग्लंडच्या कागदी 20 आणि 50 पौंडाच्या नोटा 30 सप्टेंबर 2022 नंतर दुकानात चालत नाहीत, त्या बँकेत जाऊन बदलाव्या लागतात. रोकड बरोबर न्यायची असेल तर ती सांगून ने. युरोपीय संघात शिरताना दहा हजार युरो किंवा जास्त असतील, अमेरिकेत दहा हजार डॉलरपेक्षा जास्त असतील, तर तसं जाहीर करावं लागतं. तिथे आत नेण्यावर बंदी नाही. गोत्यात येतात ते न सांगणारे.

राहायला लागलीस की खातं उघडताना पेच पडेल. बँक पत्त्याचा पुरावा मागते आणि घरमालक बँक खातं मागतो. कंपनीकडून पत्त्याचं पत्र आधीच मागून ठेव. युरोपीय संघात कायदेशीर राहणाऱ्या कुणालाही साधं खातं मिळण्याचा हक्क 2014 च्या निर्देशाने दिलाय, हे माहीत असलं की बोलताना धीर येतो. घर डोळ्यांनी बघितल्याशिवाय अनामत पाठवू नकोस, चावी टपालाने येईल असं कुणी कितीही गोड बोलून सांगितलं तरी.

आता एक गोष्ट हात जोडून सांगते. ‘तुझ्या खात्यात थोडे पैसे येतील, त्यातलं कमिशन ठेव, बाकीचे पुढे पाठव,’ असं कुणीही म्हणालं, मग तो कितीही ओळखीचा असो, ठाम नाही म्हण. चोरीचा पैसा धुण्याची ही जुनी वाट आहे आणि पोलीस आधी येतात ते खातेदाराच्या दारात. चेक देऊन ‘जास्तीचे परत पाठव’ म्हणणाराही त्यातलाच. चेकची रक्कम खात्यात दिसते, आपण पैसे पाठवतो, मग चेक परत येतो.

आणि बाळा, प्रत्येक किंमत इथल्या चलनात बदलून बघत बसू नकोस. पहिले काही दिवस होणारच, पण नंतर तिथला पगार आणि तिथलाच खर्च असा हिशेब धर. नाहीतर तू गरम कोट घ्यायचा टाळशील, दुखतंय तरी डॉक्टरकडे जाणार नाहीस, आणि मला ते फोनवर कळणारही नाही. दराची काटकसर कर, स्वतःची करू नकोस.

अडचण आली तर पैसे संपायच्या आधी सांग. इथून पाठवायला वेळ लागतो. स्विफ्ट, म्हणजे बँकांची आपसात निरोप पाठवायची यंत्रणा; तिच्यातून जातो तो फक्त निरोप असतो, पैसा बँकाबँकांच्या आपसातल्या खात्यांतून सरकतो, आणि वाटेतली एखादी बँक आपला वाटा कापून घेऊ शकते. ज्या देशात आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, चालतो तिथला पूर्ण आयबॅन पाठव. सुरुवातीला देशाची दोन अक्षरं असतात, त्यापुढे तपासणीचे दोन आकडे. एखादा अंक चुकला तर त्या दोन आकड्यांमुळे चूक बहुतेक वेळा पकडली जाते. पण मेल मधल्यामध्ये कुणी बदलून दुसऱ्याच माणसाचा खरा क्रमांक घातला, तर ती तपासणी काही करू शकत नाही. म्हणून लिहून पाठवल्यावर मला फोन करून तो तुझ्या आवाजात वाचून दाखव. मी आधी थोडीच रक्कम पाठवेन. ती किती पोचली ते सांग, म्हणजे वाटेत किती कापले गेले ते कळेल, आणि मग बाकीची पाठवते.

बाबांचे आशीर्वाद.

तुझी,
आई