दाण्याला घाबरलेल्या बापास

प्रिय अभ्या,

पत्र मिळालं. ओवीला इसब आहे, अजून सहा महिनेही झाले नाहीत तिला, आणि तू दाणे, काजू, बदाम सगळंच तीन वर्षांपर्यंत बंद करून मोकळा झालास! तुझी भीती मला कळते. आमच्या ईशानला काजूची अ‍ॅलर्जी आहे, हे तुला माहीत आहेच. तरीही सांगतो, हा थांबायचा बेत सोड.

ही तीन वर्षांची अट कुठून आली ते ऐक. अ‍ॅलर्जीचा धोका जास्त असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत दाणे देऊ नका, असं २००० साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनंच सांगितलं होतं. २००८ मध्ये तो सल्ला मागे घेतला गेला, पण लोक अजून तेच सांगत बसलेत. त्याच वर्षी लंडनमधले अ‍ॅलर्जीतज्ज्ञ गिडियन लॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटन आणि इस्राएलमधल्या ज्यू मुलांची तुलना केली. ब्रिटनमध्ये दाण्याची अ‍ॅलर्जी जवळजवळ दहापट निघाली. इस्राएलमधली बाळं पहिल्या वर्षातच दाण्याचा खाऊ खात होती. ब्रिटनमधल्या आया तुझ्यासारख्याच जपत होत्या.

मग त्यांनी ४ ते ११ महिन्यांची ६४० बाळं घेतली. सगळी तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेली, म्हणजे ओवीच्याच पंगतीतली. चाचणीत दाण्याला आधीच जोरदार प्रतिक्रिया देणारी तेवढी वगळली. निम्म्यांना नियमित दाणे दिले, निम्म्यांना वर्ज्य. २०१५ मध्ये निकाल आला: पाचव्या वर्षी वर्ज्य गटात १७ टक्के मुलांना अ‍ॅलर्जी, खाणाऱ्यांत जेमतेम ३ टक्के. हे वाचून मी आमच्या डॉक्टरांना विचारलं, असं उलटं कसं? ते म्हणाले, पोटातून आलेलं अन्न शरीर ओळखीचं मानायला शिकतं. पण इसबानं फाटलेल्या त्वचेतून तेच कण धुळीबरोबर आत शिरले, तर शरीर त्यांना शत्रू समजून बसतं. घरात मोठी माणसं दाणे खातातच, त्यामुळे कण सगळीकडे असतातच. म्हणून ओवीच्या त्वचेची काळजी आधी घ्या, आणि कृपा करून गालाला दाणा चोळून बघायचा उद्योग कुणाला करू देऊ नकोस.

तू लिहिलंस की तिची कोपरं सोलवटलीत आणि ती रात्रभर खाजवते. तेव्हा घरी सुरुवात नको, आधी डॉक्टर. पण याच आठवड्यात. ‘बघू पुढं’ नको. गरज वाटली तर ते त्वचेची किंवा रक्ताची चाचणी करतील, कदाचित पहिला घास त्यांच्यासमोरच देतील. मात्र चाळीस-पन्नास पदार्थांची एकगठ्ठा रक्तचाचणी करून घेऊ नकोस. चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे अ‍ॅलर्जी आहेच असं नसतं, आणि लेकरू उगाच चांगल्या अन्नाला मुकतं.

डॉक्टरांनी हो म्हटलं की साधं, गुळगुळीत पीनट बटर घे. कोमट पाण्यात कालवत राहा, चमचा तिरपा केल्यावर ओघळेल इतकं पातळ होईस्तोवर. घट्ट गोळा घशात चिकटतो. सकाळची वेळ बघ, सर्दी-ताप नसताना. आधी चमच्याच्या टोकावरचं चाटव, दहा मिनिटं थांब, मग उरलेलं. दोन तास नजर ठेव. सोसलं तर आठवड्यातून दोन-तीनदा चालू ठेव. एकदा देऊन विसरलास तर उपयोग नाही. काजू, बदाम असे बाकीचे एकेक करून, वेगवेगळ्या दिवशी. अख्खा दाणा मात्र चार-पाच वर्षांपर्यंत अजिबात नाही. तो श्वासनलिकेत अडकतो, आणि तिथं तुझी भीती शंभर टक्के खरी आहे.

ईशानचं म्हणशील तर दाणे त्यानं मजेत खाल्ले. काजूची पेस्ट दिली तेव्हा काही मिनिटांत ओठ सुजले, पोटावर पित्त उठलं, एक उलटी झाली. डॉक्टरांनी लगेच तपासलं, काही तास दवाखान्यातच ठेवून घेतलं. आता काजू बंद, आणि पिस्ताही, कारण तो काजूचा सख्खा भाऊ. दाणे, बदाम चालूच आहेत. तोंडाभोवती नुसती लाली आली तर घाबरू नकोस, आंबट फळानंही येते. पण आवाज बसला, श्वासाला घरघर लागली, मूल फिकं पडून गळून गेलं, तर मांडीत अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन हाच उपाय. अ‍ॅलर्जीचं सिरप तिथं पुरत नाही. आम्ही ते इंजेक्शन जवळ बाळगतो आणि ईशानला सांभाळणाऱ्या प्रत्येकाला ते कसं द्यायचं ते दाखवून ठेवलंय.

वहिनींना हे पत्र वाचायला दे. तुझ्यापेक्षा त्या शांतपणे निर्णय घेतील. ओवीच्या कोपरांचे वाईट दिवसांतले फोटो काढून ठेव. नेमकं दवाखान्यात जायच्या दिवशी त्वचा शहाण्यासारखी वागते. डॉक्टर काय म्हणाले ते लगेच कळव.

तुझा,
सुध्या